गाडी घरी दुरुस्त करताना दार उघडे ठेवा



पावसाळा लागला की आपल्या ठाणे जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास अडतात. शेतात लावणीला माणूस मिळत नाही आणि घरची मोटारसायकल सकाळी चालू होत नाही. माणसासाठी शेजारच्या पाड्यावर खेप घालावी लागते. मोटारसायकलचे मात्र तसे नाही. ती आपण स्वतःच उघडून बसतो. मेकॅनिककडे नेली तर दिवस मोडतो, पैसे जातात आणि भाजीची खेप चुकते. थोडेफार पाने चालवता आले की घरच्या घरी काम होते. यात वावगे काही नाही. मीही वीस-पंचवीस वर्षे हेच करीत आलो आहे.

पण या कामात एक गोष्ट अशी आहे, की ती दिसत नाही, तिला वास नाही आणि ती आपल्याला कोणी शिकवलेली नसते. ती मी फार महाग शिकलो. तुम्हाला ती फुकट कळावी म्हणून आज हा विषय घेतला आहे. घरात कोणी मोटारसायकल, टिलर किंवा पंपाचे इंजिन स्वतः दुरुस्त करीत असेल, तर त्याला आणि घरातल्या बायामाणसांना हे वाचून दाखवा. बायामाणसांना का, ते पुढे कळेल.

साल २०१९, महिना जुलै. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. त्याच दिवसांत मी कल्याणजवळ आमच्या थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. त्यांची जुनी मोटारसायकल रोज पहाटे भाजीचे गठ्ठे घेऊन डोंबिवलीच्या बाजारात जाते. पावसाचे पाणी शिरून ती बंद पडली होती. बंधू शेतावर अडकलेले. मी म्हणालो, मी बघतो.

जुन्या घराच्या बाजूला त्यांनी एक गाळा काढला आहे. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, वर दहा फुटांवर पत्रा. पुढे शटर आणि खिडकी एकही नाही. बाहेर पाऊस असा, की समोरचे झाड दिसेना. मी शटर खाली ओढले आणि तळाशी वीतभर फट ठेवली. वाटले, तेवढी हवा पुष्कळ झाली. थोड्या वेळाने फटीतून पाणी आत येऊ लागले, म्हणून पुतण्याने तिथे गोणपाट लावले. पुतण्या तेव्हा दहा वर्षांचा. बॅटरी धरायला आणि पाने हातात द्यायला तो माझ्याजवळ बसला होता.

कार्बोरेटर काढला, पेट्रोलने धुतला, जेट फुंकून साफ केले आणि परत बसवला. गाडी चालू झाली, पण स्लोवर थांबेना. मग एअर स्क्रू थोडा फिरवायचा, रेस करायची, ऐकायचे, पुन्हा फिरवायचा. असे बराच वेळ चालले. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना माहीत आहे, की एकदा आवाज जुळत आला की माणसाला वेळेचे भान राहत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, मला मळमळतंय."

मी वर पाहिलेही नाही. म्हणालो, "सकाळी स्टेशनवर वडापाव खाल्लास ना, त्याचं असेल. बॅटरी सरळ धर."

पाच मिनिटांनी तो म्हणाला, "काका, डोकं दुखतंय." मी त्याला रागावलो. काम म्हटले की पोरांना काहीतरी होते, अभ्यासाचेही तुझे असेच, वगैरे बरेच बोललो. तो गप्प बसला. मग माझे स्वतःचे डोके ठणकू लागले. कपाळावर घट्ट फडके बांधल्यासारखे वाटत होते. पोटात ढवळत होते. मला वाटले, रिकाम्या पोटी चहा झाला, पित्त चढले असेल. नाहीतर पेट्रोलचा वास बाधला असेल. हे संपवू आणि मग जेवू. पाना उचलायला गेलो तर बोटांत जोर नव्हता. तरीही उठावे असे मनात आले नाही. हे लक्षात ठेवा. या दुखण्यात पाय जातात, पण त्याच्या आधी अक्कल जाते.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. हाका मारल्या, उत्तर आले नाही. त्यांनी गोणपाट ओढून शटर वर केले. पोर भिंतीला टेकून मान टाकून बसले होते. "भाऊजी, अहो पोराला काय झालं?" म्हणत त्यांनी त्याला उचलून पावसातच अंगणात नेले. मी गाडी बंद केली आणि भिंत धरत बाहेर आलो. पोराने दोन उलट्या केल्या आणि डोळे उघडले.

शेजाऱ्याच्या रिक्षातून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट तपासले, ताप पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोघांना एकाच वेळी त्रास झाला का?" मी हो म्हणालो. "कुठे होतात?" मी सांगितले. ते म्हणाले, "शटर बंद आणि इंजिन चालू?" मी मान खाली घातली. त्यांनी पोराला लगेच कल्याणच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे त्याला काही तास नाकातोंडावर मुखवटा लावून प्राणवायू दिला. मलाही दिला. संध्याकाळी पोर बोलू लागले. वहिनी चहा घेऊन आणखी अर्ध्या तासाने आल्या असत्या, तर मी आज हा मजकूर लिहीत नसतो, आणि मला सोबत करायला बसलेले ते लेकरूही गेले असते.

आता हे काय होते ते सांगतो.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, लाकूड, कोळसा यांपैकी काहीही पुरेशा हवेत जळले नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सायलेन्सरच्या धुराला जो वास येतो, तो दुसऱ्या पदार्थांचा. धूर विरळ झाला, वास येईनासा झाला, म्हणजे हा वायू गेला असे नाही. आपल्या रक्तातले तांबडे द्रव्य, ज्याला हिमोग्लोबिन म्हणतात, ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गाडीत एकदा बसलेला उतारू उतरायलाच तयार नाही, तर दुसऱ्याला जागा कुठून मिळणार? माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

थोडा हिशेब करून पाहू. २००० सालानंतरच्या कार्बोरेटरच्या जुन्या मोटारसायकलींना पीयूसीच्या तपासणीत धुरात साडेतीन टक्के कार्बन मोनॉक्साइड चालत असे. म्हणजे तपासणीत पास झालेल्या गाडीच्याही १००० लिटर धुरात ३५ लिटर हा वायू असू शकतो. आमच्या गाळ्यात हवा किती? १० गुणिले १२ गुणिले १०, म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४,००० लिटर. त्यात हे ३५ लिटर मिसळले, की हजारात एक भाग झाला. दिसायला हा आकडा किती लहान! पण हजारात एक भाग वायू असलेल्या हवेत तास-दोन तास राहिलेला माणूस बेशुद्ध पडून मरू शकतो. इंजिन रेस करीत राहिले, तर १००० लिटर धूर व्हायला अर्धा तास पुरे होतो. आणि आपण गाडी उघडतो ती बिघडलेली असते म्हणूनच. तिचे मिश्रण जड असते, म्हणजे वायू साडेतीन टक्क्यांहूनही जास्त असतो. गाळ्यातला प्राणवायू कमी होत जातो, तसे जळणे आणखी अपुरे होते आणि वायू आणखी वाढतो.

नव्या गाड्यांचे काय, असे कोणी विचारील. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहाचा नियम आला. नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ स्वच्छ झाला आहे. पण धूर स्वच्छ करणारे यंत्र तापल्याशिवाय नीट काम करीत नाही, आणि इंजिन थंड असताना वायू जास्त निघतो. डिझेल इंजिनातून तो पेट्रोलपेक्षा कमी निघतो, पण निघतो. म्हणून बंद जागेत कोणतेही इंजिन चालवायचे नाही, हाच नियम. विजेचा जनरेटर आणि फवाऱ्याचे पेट्रोल इंजिन यांनाही तोच नियम.

पोराला माझ्या आधी त्रास का झाला? मुले भराभर श्वास घेतात आणि अंगाने लहान असतात. म्हणून वायू त्यांच्या रक्तात लवकर चढतो. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हा वायू स्वतः हुंगून काय होते ते नोंदवले आणि १८९५ साली ते प्रसिद्ध केले. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर कामगार मरतात ते बहुधा भाजून नव्हे, तर या वायूने, हे त्यांनी दाखवले. त्यांनी सुचवले, की खाणीत लहान प्राणी बरोबर न्यावा. तेव्हापासून तिथे पिंजऱ्यात कॅनरी नावाचा पिवळा पक्षी नेत. पक्षी डुलू लागला की माणसे बाहेर पळत. १९८६ मध्ये यंत्रे आली आणि पक्ष्यांची सुटका झाली. आमच्या गाळ्यात तो पक्षी माझा पुतण्या होता. त्याने दोनदा सांगितले. मी त्याला कामचुकार म्हणालो.

तेव्हा पहिली खूण ही. बंद जागेत काम करताना डोके दुखणे, चक्कर, मळमळ, उलटी, हातापायांत अशक्तपणा, धाप, झोप येणे. ताप नाही. एकाहून अधिक माणसांना एकदम त्रास. बाहेर आल्यावर बरे वाटणे, पुन्हा आत गेल्यावर पुन्हा तेच. हे दिसले की पित्त, वडापाव, उपास, नजर लागणे यांचा विचार नंतर करा. आधी बाहेर या. पोर म्हणाले मळमळते, तर ते खरे धरा. खोटे निघाले तर दहा मिनिटे गेली, एवढेच.

माणूस आत पडलेला दिसला तर काय करावे? सरळ आत धावू नका. बाहेरूनच शटर, दारे, खिडक्या उघडा आणि आरडाओरडा करून माणसे जमवा. हवा खेळू लागली की दम धरून आत जा, चावी फिरवा, माणसाला ओढून उघड्यावर आणा. जमिनीलगत वाकून गेले म्हणजे वायू लागत नाही, असे समजू नका. तो हवेइतकाच हलका असतो आणि खोलीभर सारखा पसरतो. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे, ताक पाजणे यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि कोणाला येत असेल, तर छाती दाबून श्वास द्या.

बरे वाटले तरी दवाखान्यात जा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम सुमारे तास-दीड तासात होते. आणखी एक. करोनाच्या साथीपासून बोटाला लावायचे यंत्र पुष्कळ घरांत आले आहे. ते इथे फसवते. आम्ही गेलो तेव्हा पोराच्या बोटावर त्याने ९८ दाखवले होते. हा वायू चिकटलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायू असलेल्या रक्तासारखेच दिसते. म्हणून आकडा चांगला आला तरी घरी थांबू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की बंद जागेत इंजिन चालू होते. पोटुशी बाई असेल तर अजिबात वेळ लावू नका, कारण पोटातल्या बाळाला धोका अधिक. आणि माणूस बरा झाल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विसरभोळेपणा, चिडचिड किंवा चालण्यात फरक दिसू शकतो. तेव्हा पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

गाडीच्या कामात आजारी पाडणाऱ्या आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली, नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणे. हे आपल्याकडे सर्रास चालते. घोट पोटात गेला तर एवढे बिघडत नाही, जेवढे तो फुप्फुसात गेला तर बिघडते. तिथे सूज येऊन न्यूमोनियासारखे दुखणे होते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर पेट्रोल वर येऊन पुन्हा फुप्फुसात शिरते. रॉकेल प्यालेल्या लहान मुलालाही हाच नियम. खोकला किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालय गाठा. विषबाधेचा सल्ला दिल्लीच्या एम्समधल्या केंद्रातून १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फुकट मिळतो. पेट्रोल किंवा रॉकेल सरबताच्या बाटलीत कधी ठेवू नका, आणि पेट्रोलने हात धुऊ नका. साबण आणि लाकडाचा भुसा पुरतो.

दुसरी, जस्त चढवलेल्या पत्र्याचे किंवा पाइपाचे वेल्डिंग. ट्रॉलीला किंवा कॅरियरला तुकडा जोडताना पांढरा धूर निघतो. तेव्हा काही होत नाही. चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडते. माणसाला वाटते मलेरिया आला. बहुधा एक-दोन दिवसांत उतरते, पण धाप लागली तर डॉक्टर हवाच. आधी दूध प्यायले की धूर बाधत नाही, हा समज खरा नाही. दूध पोटात जाते आणि धूर फुप्फुसात. जोडाच्या जागचे जस्त घासून काढा, उघड्यावर वेल्डिंग करा आणि वाऱ्याकडे पाठ न करता तो आडवा जाईल असे उभे राहा.

तिसरी, बॅटरी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग लगेच बंद करा आणि दूर व्हा. माणसे झोपतात त्या खोलीत बॅटरी चार्ज करू नये.

चौथी, ब्रेकची धूळ. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे राहतात. ड्रम उघडल्यावर फू करून किंवा हवा मारून धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या.

शेवटी एक जुनी बातमी. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला चक्की नाका भागात एक माणूस विहीर साफ करायला उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दोघे उतरले, तेही राहिले. मग अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. पाचही जण गेले. तिथला वायू वेगळा होता, पण धडा एकच आहे. जिथली हवा बिघडली आहे, तिथे प्रेमापोटी धावून गेलेला माणूसही पडतो. विहीर, गटार, बायोगॅसची टाकी यांत तर हवा खेळवूनही कोणी उतरू नये. तिथे साधने असलेली माणसेच हवीत.

आमच्या बंधूंकडे आता गाडी अंगणात उघडतात. वर चार बांबूंवर प्लास्टिकचा कागद बांधला आहे. पाऊस लागतो, पाने गंजतात, चालायचेच. पुतण्या आता मोठा झाला आहे आणि स्वतः कार्बोरेटर खोलतो. गेल्या पावसाळ्यात गेलो होतो तेव्हा त्याने आधी आपल्या धाकट्या बहिणीला दूर ओट्यावर बसवले. "काही झालं तर हाक मार," असे मी तिला सांगत होतो. तो मधेच म्हणाला, "आणि काका, हाक मारली तर ऐका."

मी ऐकतो. तुम्हीही ऐका.